‘विमा एजंटचा धंदा संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नागपूरच्या कॉलेजांच्या, सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर वेगवेगळ्या शब्दांत सतत फिरत असतो. त्याचा सार असा: “विमा एजंट होऊ नका. पॉलिसी आता मोबाइलवर मिळते. बीमा सुगम आलं की एजंट बाद. जीएसटी गेला, आता कमिशनही जाणार. क्लेम एआय पास करेल. आणि तसंही या धंद्यात कोणाचं पोट भरत नाही.”

बी. कॉम. करून घरी बसलेला मुलगा किंवा मुलं मोठी झाल्यावर काही करू पाहणारी गृहिणी हा मेसेज वाचून निर्णय घेते, म्हणून तो सोडून देता येत नाही. त्यात खरं आहे ते मान्य करू आणि जिथे गफलत आहे तिथे आकडे मांडू.

“पॉलिसी आता मोबाइलवर मिळते”

मिळते, आणि काही पॉलिसी तिथूनच घ्याव्यात. एमएच-३१ किंवा एमएच-४९ पासिंगच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा रिन्यू करायला माणसाची गरज नाही. तिशीच्या आतला, निर्व्यसनी, पगारदार मुलगा शुद्ध टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) कंपनीच्या साइटवरून घेऊ शकतो. फॉर्म खरा भरला तर त्याचं काही बिघडत नाही. ज्याला फक्त एवढंच विकायचं आहे, त्याने खरंच या धंद्यात येऊ नये.

पण आयुर्विम्याच्या वैयक्तिक नव्या धंद्यातला निम्म्याच्या आसपास प्रीमियम आजही एजंटांमार्फत येतो. एकट्या एलआयसीकडे १४ लाखांहून जास्त एजंट आहेत. एजंटांच्या मागोमाग बँका आहेत, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या साइट त्यांच्याही बऱ्याच मागे. म्हणजे एजंटची खरी स्पर्धा बँकेच्या काउंटरशी आहे. कर्जाच्या कागदांसोबत पॉलिसीचा फॉर्म पुढे सरकवला जातो, सही होते, आणि दोन वर्षांनी त्या शाखेत विचारायला जा तर सही घेणाऱ्या साहेबांची बदली झालेली असते. एजंटला जागा मिळते ती इथे.

मोबाइलवर पॉलिसी घेताना काय चुकतं, तेही पाहा. आरोग्य विम्याच्या फॉर्ममध्ये ‘बीपी, शुगर आहे का’ या प्रश्नावर घाईत ‘नाही’ दाबलं जातं. गोळी रोज चालू असते, पण घरात कोणी तिला आजार म्हणत नाही. पहिल्याच मोठ्या ॲडमिशनला डॉक्टर केस पेपरवर ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ लिहितात आणि क्लेम तिथेच अडतो. खरं लिहिलं असतं तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागलं असतं. ही मर्यादा २०२४ च्या नियमांनी ४८ वरून खाली आणली आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही. टपरीवर चहा घेताना समोरच्याला “काकाजी, सकाळी कोणती गोळी घेता?” असं विचारणारा माणूस हा धोका फॉर्म भरण्याआधीच टाळतो.

दुसरं उदाहरण नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा वेळी पहिली चूक असते ती किल्ली फिरवायची. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॅकेज पॉलिसीत हे नुकसान ‘पुराने झालेलं’ न धरता ‘सुरू केल्याने झालेलं’ धरलं जातं आणि इंजिनचा खर्च मालकाच्या अंगावर येतो. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन (थोडा जास्त प्रीमियम देऊन घ्यायचं जादा संरक्षण) असेल तर गोष्ट वेगळी, पण ऑनलाइन रिन्यूअलमध्ये प्रीमियम कमी दिसावा म्हणून लोक नेमकी तीच खूण काढतात. बरोबर क्रम असा: गाडी सुरू करायची नाही, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढायचे, हात पोचत असेल तर बॅटरी सोडवायची, कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करूनच वर्कशॉपला न्यायची. पहाटे पाचला हे सांगणारा फोन ज्याच्या ग्राहकांना गेला, त्याचं रिन्यूअल दुसरीकडे जात नाही.

“बीमा सुगम आलं की एजंट बाद”

बीमा सुगम हा सगळ्या कंपन्यांचा सामायिक ऑनलाइन बाजार. त्यासाठीचे नियम इर्डाने, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेने, मार्च २०२४ मध्ये काढले. त्या नियमांत एजंट आणि इतर मध्यस्थांनाही या व्यासपीठावर जागा आहे. भावांची तुलना करून देणं एवढंच ज्याचं काम होतं, त्याचं काम जाईल हे नक्की. बाकीच्यांचा कागदपत्रांत जाणारा वेळ वाचेल.

“जीएसटी गेला, आता कमिशन जाणार”

या मुद्द्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ग्राहकाचा फायदा झाला. पण कर शून्य झाल्याने कंपन्यांचं इनपुट टॅक्स क्रेडिटही (स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट) गेलं, आणि तो बोजा काही कंपन्यांनी ‘कमिशन आता करासह’ म्हणत वितरकांवर टाकला. १५ टक्के कमिशन करासह धरलं की १५ भागिले १.१८, म्हणजे हातात १२.७ टक्के. ही कपात खरी आहे. तिच्याबद्दल एजंटांची नाराजी रास्त आहे.

त्याआधीचा धक्का १ ऑक्टोबर २०२४ चा. पहिलं पूर्ण वर्ष हप्ते भरून पॉलिसी सोडली तरी ग्राहकाला सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी सोडताना परत मिळणारी रक्कम) द्यावी, असा नियम लागू झाला. त्यानंतर एलआयसीसह बऱ्याच कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन खाली आणलं. पॉलिसी गळ्यात मारून पहिल्या वर्षाचं घसघशीत कमिशन घ्यायचं आणि निघून जायचं, हा प्रकार यामुळे आतबट्ट्याचा झाला, आणि ते चांगलंच झालं.

पण कमिशन ‘बंद होणार’ असं कुठल्याही नियमात नाही. १ एप्रिल २०२३ पासून इर्डाने पॉलिसीगणिक कमिशनची कमाल मर्यादा काढली आणि कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा घातली: सर्वसाधारण विमा कंपन्यांना प्रीमियमच्या ३० टक्के, फक्त आरोग्य विमा करणाऱ्यांना ३५ टक्के. दर आता कंपनी-कंपनीत वेगळा असतो, म्हणून एजन्सी घेण्याआधी कमिशनचा तक्ता लेखी मागा. पहिल्या वर्षाचा आकडा मोठ्याने सांगितला जातो. तुम्ही दुसऱ्या वर्षापासूनचा रकाना वाचा.

“क्लेम एआय पास करेल”

छोटे क्लेम यंत्र पास करेल, आणि करावेतच. २०२४ च्या इर्डा परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. त्यासाठी यंत्र लागणारच.

पण भांडण कुठे होतं ते धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर उभं राहिलं की कळतं. “भाऊ, ॲपवर तीन लाखाचं कवर दिसून राहिलं, मग हे साठ हजार कायचे मागून राहिले?” कारण रूमच्या भाड्याच्या कलमात आहे. तीन लाखांच्या जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा बहुधा एक टक्का, म्हणजे रोजचे ३,००० रुपये. घरच्यांनी ६,००० ची खोली घेतली की फक्त भाडंच अर्धं मिळतं असं नाही. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. हे बिल १,२०,००० असेल तर ६०,००० खिशातून. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, पण तीही कापलेली आढळतात; तिथे बिल ओळीओळीने वाचून कंपनीला मेल करावा लागतो. ॲडमिशनच्या रात्री ‘तीन हजारांच्या आतलीच खोली घ्या’ हे एक वाक्य कोणीतरी सांगायला हवं होतं.

मृत्यू दाव्यात तर कागदच आडवे येतात. पॉलिसीच्या बॉण्डवर नॉमिनी म्हणून माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. किंवा लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत नॉमिनी वडील, आणि ते कधीच वारलेले. एलआयसीच्या दाव्याला फॉर्म ३७८३, मूळ बॉण्ड, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं केवायसी आणि रद्द केलेला चेक लागतो. मृत्यू तीन वर्षांच्या आत झाला असेल तर हॉस्पिटल आणि डॉक्टरांचे दाखले लागतात, चौकशीही होते. इथे एक बारकावा ग्राहकाला जवळजवळ कधीच माहीत नसतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. मात्र हप्ता चुकून पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली, आणि पुन्हा चालू केली की ही तीन वर्षं रिव्हायव्हलच्या तारखेपासून नव्याने मोजतात. दहा वर्षं जुनी पॉलिसी एका चुकलेल्या हप्त्यामुळे या बाबतीत पुन्हा नवी होते. ग्रेस पिरियड, म्हणजे हप्त्याच्या तारखेनंतरची मुदत, वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला ३० दिवस, मासिकला १५. ही तारीख ओलांडू न देणं हे एजंटचं सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात मोलाचं काम आहे.

कंपनीने नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. हा अर्ज बहुतेक कुटुंबं एकट्याने लिहीत नाहीत.

“या धंद्यात पोट भरत नाही”

हा मुद्दा सगळ्यात गंभीर, आणि भरती करणारेही यावर स्पष्ट बोलत नाहीत. हिशोबच करू.

समजा, नवा एजंट फक्त आयुर्विमा विकतो. महिन्याला दोन पॉलिसी, सरासरी वार्षिक हप्ता २०,०००. वर्षाचा नवा प्रीमियम ४,८०,०००. पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के धरलं तर १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००. दुसऱ्या वर्षी पाचातली एक पॉलिसी गळते असं धरा. उरलेल्या ३,८४,००० वर ५ टक्के, म्हणजे १९,२००. याच गतीने पाचव्या वर्षी नव्याचे १,२०,००० आणि मागच्या चार वर्षांचे ७६,८००. एकूण १,९६,८००. महिन्याला १६,४००, त्यातून पेट्रोल आणि मोबाइल वजा. फक्त आयुर्विमा, तोही या गतीने, हे पोट भरायचं साधन नाही. इतकं मेसेजचं म्हणणं बरोबर.

आता त्याच माणसाने पाच वर्षांत १०० कुटुंबांचा आरोग्य विमा जमवला, सरासरी प्रीमियम २५,०००, तर दरवर्षीचा प्रीमियम २५ लाख. कापून आलेल्या १२.७ टक्क्यांनीही वर्षाला ३,१७,५०० होतात. आरोग्य विम्यात रिन्यूअललाही साधारण पहिल्या वर्षाच्याच दराने कमिशन असतं, त्यामुळे टिकवलेलं कुटुंब दरवर्षी तेवढंच देतं. कायद्याने एजंट एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण आणि एक आरोग्य विमा कंपनी अशा तिघांची एजन्सी एकाच वेळी घेऊ शकतो. बहुतेक जण एकीवरच थांबतात, आणि पहिल्या दोन वर्षांत सोडून जाणाऱ्यांत असेच जास्त असतात.

नागपुरात तर दुकान-गोदामांचा विमा हे फारसं न नांगरलेलं शेत आहे. इतवारी-गांधीबागेतली कापडाची दुकानं, कळमन्यातले अडते, हिंगणा आणि बुटीबोरीचे छोटे कारखाने. एका ठिकाणची पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांत सारख्या अटींवर मिळते. इथली नेहमीची चूक: बँकेच्या कॅश क्रेडिटपुरताच (मालावर मिळणाऱ्या कर्जापुरताच) विमा काढायचा. गोदामात ४० लाखांचा माल आणि विमा २० लाखांचा असेल तर १० लाखांच्या नुकसानीत ५ लाखच हाती येतात. या पॉलिसीत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे नाही. म्हणून दिवाळीआधी साठा वाढतो तेव्हा रक्कम वाढवून घ्यायला दुकानात जावं लागतं.

धंदा बुडतो त्याची कारणं ठरलेली आहेत. नातेवाइकांची तीस-चाळीस नावांची यादी सहा महिन्यांत संपते आणि अनोळखी माणसाकडे जायची सवय लागलेली नसते. टार्गेटसाठी डीओ (एजंटांवरचा विकास अधिकारी) साहेबांच्या आग्रहाने मार्चमध्ये ग्राहकाचा पहिला हप्ता स्वतः भरला जातो. ही कमिशनमधून दिलेली सूटच, आणि ती विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. शिवाय फुकटात मिळालेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला लॅप्स होते, म्हणजे पहिलं कमिशन गेलं आणि रिन्यूअलचंही गेलं.

ज्या महिलांना सुरुवातीचा हा काळ पगाराशिवाय काढणं शक्य नाही, त्यांच्यासाठी एलआयसीची बीमा सखी योजना डिसेंबर २०२४ पासून आहे. वय १८ ते ७०, दहावी पास. पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० विद्यावेतन. अट वर्षाला २४ पॉलिसींची, आणि दुसऱ्या वर्षीचं विद्यावेतन हवं तर पहिल्या वर्षातल्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू असायला हव्यात. ही दुसरी अट वाचूनच सही करा.

एजंट होण्यासाठीची परीक्षा अवघड नाही: आयसी-३८, एक तास, ५० प्रश्न, मराठीतही देता येते, ३५ टक्क्यांना पास. ती द्यायच्या आधी एक काम करा. स्वतःच्या घरातल्या सगळ्या पॉलिसी टेबलावर काढा आणि प्रत्येकीचा नॉमिनी, पुढच्या हप्त्याची तारीख, खोलीभाड्याची मर्यादा आणि आधारवरचं नाव एका वहीत उतरवा. दोन-चार चुका सापडतील. त्या शाखेत जाऊन दुरुस्त करून आणा. त्या खेपा घालताना कंटाळा आला नाही, तर एजंटचा कोड घ्यायला हरकत नाही.