‘बहात्तरच्या दुष्काळात कुणाला डिप्रेशन आलं होतं?’

गेल्या महिन्यापासून आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. परवा तोच कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवरही आला. थोडक्यात असा: ‘आपल्या आज्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला, सुकडी खाऊन खडी फोडली, कुणाला डिप्रेशन आलं नाही. आजच्या इंजिनिअर पोरांना येतं, कारण डोकं रिकामं. कामाला जुंपा, आपोआप बरं होतं. गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, मेंदू बधिर होतो. आणि शिक्का बसला की नोकरी नाही, सोयरीक नाही.’

भावकीच्या ग्रुपवर तो तात्यांनी टाकला, माझ्या सख्ख्या चुलत्यांनी. मी वाळूजला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. सात वर्षांपासून मला बायपोलरचा आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात पडतं. तात्यांना हे माहीत नाही. आता होईल.

आधी दुष्काळाचं. खडी फोडली, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाल्ली, सगळं खरं. पण परभणी जिल्ह्यातल्या आमच्याच वाड्यात गोठ्याला लागून एक खोली होती. आजोबांचे चुलतभाऊ तिथं राहायचे. कधी महिना-महिना तोंडातून शब्द नाही. कधी रात्रभर गावात फिरून ‘तळ्याची आखणी झाली, उठा’ म्हणून दारं वाजवायची. मग त्यांना दाव्यानं बांधायचे. आजीला विचारलं तर म्हणायची, ‘बाहेरचं होतं त्याला.’ देवऋषी झाले, उतारे झाले. मी न पाहिलेल्या माणसाचं निदान करत नाही. मात्र उन्मादावर लिथियम चालतं हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं १९४९ साली मांडलं होतं, म्हणजे त्या दुष्काळाच्या २३ वर्षं आधी. आमच्या गोठ्यापर्यंत ते पोचलं नाही. त्या खोलीत भाकरी नेऊन द्यायचं काम लहानपणी तात्यांकडेच होतं, असं आजी सांगायची.

आता ‘कामाला जुंपा’. थर्ड इयरला सबमिशनच्या आठवड्यात मी चार रात्री झोपलो नाही. थकवा म्हणून नव्हता. स्वतःची जर्नलं संपवून आणखी तिघांची लिहून दिली. पाचव्या दिवशी पहाटे विभागप्रमुखांना फोन लावून लॅब नव्यानं कशी मांडायची ते अर्धा तास सांगितलं. मेसचे पैसे माझ्याकडे जमा होते, त्यातून तीन जुन्या मोटारी विकत घेतल्या. कशासाठी ते तेव्हा अगदी स्पष्ट होतं. त्यानंतर दोन महिने खोलीत आडवा. आंघोळ नाही, पेपर नाही. वर्ष गेलं.

यात रिकामं डोकं कुठं बसवायचं? कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना एका शब्दात सांगतो: पॉझिटिव्ह फीडबॅक. या आजारात झोप तुटली की उन्माद चढू शकतो आणि उन्माद चढला की झोपेची गरजच वाटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं काय मेहनती आहे! मलाही तेच वाटत होतं. म्हणून डॉक्टरकडं गेलो ते पडल्यावर, आणि सांगितलं फक्त पडल्याचं. गोळ्या नैराश्याच्या मिळाल्या आणि त्यावर पुन्हा चढलो. बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्याच्या गोळीनं असं होऊ शकतं. तेव्हा डॉक्टरला ‘भारी वाटत होतं’ ते दिवसही सांगावेत, न विचारता.

नोकरीतही तेच. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी आली की तिसऱ्या रात्रीपासून मला पॅनलच्या वायरिंगमध्ये नवनवीन कल्पना सुचायच्या. ४१५ व्होल्टच्या पॅनलसमोर हे चांगलं लक्षण नाही. डॉक्टरांची चिठ्ठी देऊन जनरल शिफ्ट मागून घेतली, नाइट अलाउन्स गेला. मजकुरात एक कण खरा आहे: नैराश्यात ठरलेल्या वेळी छोटी-छोटी कामं करणं हा उपचाराचाच भाग असतो. पण ते मोजून-मापून. लंगडणाऱ्या बैलाला तात्याही औताला धरत नाहीत.

गोळ्या सुटत नाहीत म्हणे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. म्हणून त्या थोडे दिवस आणि चिठ्ठीवरच. लिथियमची किंवा नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची तलफ येत नाही, फक्त मनानं एकदम बंद करायच्या नसतात. बीपीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या तात्यांना याहून जास्त समजावायची गरज नाही. मी लिथियम घेतो. त्रास होतो, तो लपवत नाही. माझा हात बारीक थरथरतो, सोल्डरिंग आता दुसऱ्याला देतो. तहान फार लागते. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.० च्या पट्ट्यात ठेवावं लागतं, दीडच्या वर गेलं तर विषबाधेची भीती. आणि आपल्याकडचा मे महिना! घामावाटे पाणी-मीठ गेलं की पातळी वर सरकते. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली तरी सरकते. शॉपफ्लोअरवर ती गोळी बडीशेपेसारखी फिरते, म्हणून मुद्दाम लिहिलं. बधिर मेंदूनं एवढा हिशेब ठेवता आला नसता.

शिक्क्याबद्दल लांबण लावत नाही. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आणि विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं. मुलाखतीत मात्र कायदा शेजारी बसत नाही. मी तिथं सांगितलं नाही. कायम झाल्यावर साहेबांना सांगितलं, तेही शिफ्टपुरतं. सोयरिकीचं अजून जमलं नाही. त्या एका मुद्द्यावर तात्या सध्या पुढं आहेत.

गावाकडं कुणाला लागलं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. निघणं होत नसेल तर १४४१६, ही टेलिमानस नावाची मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

तात्या, हे भावकीच्या ग्रुपवरच टाकतोय. उद्या सकाळी नऊला लिथियमसाठी रक्त द्यायचंय, रात्रीच्या गोळीला तोवर बारा तास व्हायला पाहिजेत. गोळी नऊलाच घेतलीय. आता झोपतो.