पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, तरीही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘मासे आणण्याआधी टाकी महिनाभर नुसती चालू ठेवा’ या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून चिडून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं: २५ वर्षांत सायकलिंग (टाकीत माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढवून घेणं) नावाचा प्रकार कधी केला नाही. पाणी एक दिवस भरून ठेवायचं, जुन्या टाकीतलं थोडं पाणी आणि तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज नव्या टाकीत घालायचा, दुसऱ्या दिवशी मासे सोडायचे. पाणी काचेसारखं, मासे ठणठणीत. मग नवख्यांना पाणी तपासायचा टेस्ट किट आणि जिवाणूंना खाऊ म्हणून घालायच्या अमोनियाच्या बाटलीच्या नादी कशाला लावता?

तुमचे मासे का जगले, ते तुम्हीच लिहून ठेवलंय. तो स्पंज! अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते स्पंजला, वाळूला, दगडांना चिकटून राहतात. जुन्या टाकीत महिनोन्‌महिने पोसलेली वसाहत तुम्ही उचलून नव्या टाकीत नेलीत. म्हणजे सायकलिंग तुम्ही २५ वर्षं करताय, फक्त त्याला ते नाव दिलं नाहीत. जुनं पाणी मात्र ओतलं नसतंत तरी चाललं असतं. त्यातून जातं ते मुख्यतः नायट्रेट.

पण ज्याची पहिलीच टाकी आहे, तो स्पंज आणणार कुठून? माझा लेख त्याच्यासाठी होता. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. अन्न नासवणारे जिवाणू तासाभरात दुपटी-चौपटीने वाढू शकतात, यांना एकदा दुप्पट व्हायला बरेच तास, कधी दिवसही लागतो. तोवर मासे खातात, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो साचत जातो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष, पण दोघांनाही रंग नाही. पाणी काचेसारखं दिसलं एवढ्यावरून कळतं ते इतकंच, की ते गढूळ नाही.

माझ्या पहिल्या टाकीतही पाणी असंच नितळ होतं. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात गप्पी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. एअर पंप जोरात चालू, तरी धापा. हवा कमी पडतेय म्हणून मी दुसरा पंप लावला आणि तीन दिवसांत टाकी रिकामी झाली. तेव्हा किट नव्हता, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही, पण लक्षणं नायट्राइटचीच. नायट्राइट रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर आणि मासा गुदमरतोय, असा तो प्रकार. दोष मी तेव्हा माशांनाच दिला होता. ‘कमजोर माल’ म्हणून.

बरं, ‘माझ्याकडे अमोनिया असूनही काही झालं नाही’ असंही कुणी सांगेल आणि ते खोटं नसेल. २५ अंश तापमानाला पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) ७ असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जातं. किटवर आकडा तोच, टाक्या दोन, एकीत मासे जगतात आणि दुसरीत मरतात. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव जसाच्या तसा उचलू नये म्हणतो.

आता माझं चुकलं ते. ‘महिनाभर’ हा शब्द मी ठोकून दिला, तो बरोबर नाही. ऊबदार पाण्यात काम लवकर उरकतं. पीएच ६ च्या खाली घसरला तर रेंगाळतं. मासे ठेवून सायकलिंग करणाऱ्यांना मी ‘निर्दयी’ म्हणालो, तेही मागे घेतो. कुणाला टाकी माशांसकटच भेट मिळालेली असते. त्याने काय करावं? दोन-चारच मासे, चिमूटभर खाणं, रोज मोजणी आणि आकडा वर गेला की पाणी बदलणं. हे जमतं, फक्त सुट्टीवर जाता येत नाही. आणि एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो: नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणून मी नायट्रोबॅक्टरचं नाव दिलं होतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८ सालीच प्रसिद्ध झालंय. जुन्या पुस्तकांवर वाढल्याचा परिणाम.

एक दिवस पाणी ठेवण्याबद्दल: नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्याने उडून जातो, काही ठिकाणी त्याऐवजी वापरतात ते क्लोरामाइन उडत नाही. पाण्यात ते असेल, तर ते निष्प्रभ करणाऱ्या औषधाशिवाय गत्यंतर नाही. आणि स्पंज कधी धुवावासा वाटलाच तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरीन त्या वसाहतीची वाट लावेल.

पटत नसेल तर पुढची टाकी लावताना स्पंज बाजूला ठेवा. नुसतं जुनं पाणी घाला, मासे सोडू नका, २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होईल एवढा अमोनिया टाका आणि २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही मोजा. दोन्ही शून्य आले तर मी लेख दुरुस्त करतो. आकडे इथेच खाली लिहा.