केरी तीन, ड्रायव्हर एक

काल रात्री आमच्याच देवळात मला प्रसाद बाहेर मिळाला. पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी. ज्या फरशीवर बसून मी तो खाल्ला, तिच्यावर देणगीदार म्हणून माझ्या आजोबांचं नाव कोरलेलं आहे. ही झाली तक्रार. आता कारण.

लिस्बनची एक मुलगी फोंड्याला एका गुरुजींकडे ख्याल शिकायला आली आहे. बहिणीच्या ओळखीतली, म्हणून गावच्या घरी उतरली. तिला गोवा दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात गाडी माझीच. तिला बीच नको होते. ख्यालगायिका केसरबाई केरकरांचं केरी बघायचं होतं.

मी मोबाईलवर ‘केरी’ टाकलं आणि पहिलं नाव आलं त्यावर बोट ठेवलं. दीड तासानं आम्ही पेडण्यात, समुद्रासमोर. पावसाळ्यात शॅकसुद्धा बंद. एक लाल बावटा आणि एक ओला कुत्रा. गोव्यात केरी तीन आहेत: एक हे, एक सत्तरीत अंजुणे धरणाजवळ, आणि केसरबाईंचं फोंडा तालुक्यात, आमच्या गावच्या घरापासून दहा मिनिटांवर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण शेजारच्या सीटवर गोरी बाई बसली की गाडी आपसूकच किनाऱ्याकडे वळते. ‘मग गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी?’ तिनं विचारलं. ते साळावली धरणाच्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. ‘मे महिन्यात ये,’ म्हटलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. त्या वहीत माझ्याविषयी काय काय जमत होतं, देव जाणे.

भरपाई म्हणून रात्री तिला सप्ताहाच्या भजनाला नेलं. तिच्याकडे फादू, म्हणजे पोर्तुगीज गाणं, सुरू झाला की दिवे मंद करतात आणि काटाचमचा वाजवणाऱ्याकडेही लोक वळून बघतात. आमच्याकडे पखवाजावर थाप पडली तेव्हा माईकनं शीळ घातली, मागे दोन पोरं फुग्यावरून भांडत होती आणि कोणीतरी ‘झेड एक्स आय, गाडी काढा’ असं गवयाच्याच माईकवरून सांगितलं. ती पोर मात्र मांडी घालून, डोळे मिटून बसलेली.

एवढ्यात एक काका आले. पांढरा सदरा, कानाला यंत्र, खिशात दोन पेनं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. काकांनी तिला हात जोडून ठणकावलं, ‘बों दिय!’ म्हणजे सुप्रभात. तिनं हसून उत्तर दिलं. काका माझ्याकडे वळले, ‘आरे, हिका पोर्तुगीज येता रे!’

मी म्हटलं, ती पोर्तुगीजच आहे.

‘तूं खंयचो?’

‘हांगाचोच.’

‘हांगाचो? मागीर भाडें खंयचें मारता?’

मी तोंड उघडेपर्यंत काकांचं पुढचं सुरू झालं होतं. पंख्याखालची खुर्ची आली, ती तिच्यासाठी. त्यांनी तिला तालाचे जादूगार खाप्रूमामा पर्वतकर समजावून सांगायला घेतले: दोन हातांत दोन ताल, दोन पायांत दोन, पाचवा तोंडात. प्रात्यक्षिकही केलं. दोन्ही पाय एकदमच हलू लागले, डावा हात विसरला, उजव्याची सम माझ्या गुडघ्यावर आली. पुढच्या तीन समाही तिथेच. समोर भजन चालू होतं, बरं का. गवयानं एकदा आमच्याकडे बघितलं. बघितलं ते माझ्याकडे.

‘हिका सांग, केसरबायेचें रेकॉर्ड चंद्रार आसा.’

‘चंद्रावर नाही काका. व्हॉयेजर नावाच्या दोन अवकाशयानांवर, 1977 साली. यानं केव्हाच पुढे गेली.’

‘तूं गाडी चलय.’

मग पाहुणी बोलली. साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, दोनांतलं मागाहून सुटलेलं यान 5 सप्टेंबरला उडालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मी शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. काकांचे डोळे भरून आले. ‘पळे! हिका सगळें खबर. आमच्या भुरग्यांक कांयच खबर ना.’

तेच तर मी मघाशी सांगत होतो. पण नाही. मूळ निवासी दाखला घेऊन मी कोकलावं, तरी गोव्याची गोष्ट गोऱ्या तोंडातूनच खरी होते. तिचा काही दोष नाही, ती खरोखर शिकते आहे. काकांचंही चुकलं नाही म्हणा. ती साडेतीन मिनिटं मी तरी एका बैठकीत कधी ऐकली? अर्ध्यावर फोन येतो.

आरती झाली. घुमटांचा, म्हणजे कातडं ताणलेल्या मातीच्या वाद्यांचा, गजर कानाशी आला तेव्हा तिनं विचारलं, घोरपडीचं कातडं? घोरपडीला बंदी, त्यामुळे मी भाषांतर करण्याआधीच तीन घुमटवाले एका सुरात म्हणाले, ‘बकऱ्याचें, बकऱ्याचें!’ दिवसभरातली तेवढीच एक गोष्ट माझ्या मदतीशिवाय झाली. मग पाहुणी काकांबरोबर आत केळीच्या पानावर आणि मी पायरीवर. ‘ड्रायव्हरांक भायर दितात,’ असं सांगून काकांनी द्रोण स्वतःच्या हातानं आणून दिला, वर नंबरही घेतला.

आज सकाळी सहाला फोन. काकांना दातांसाठी पणजीला जायचंय, किती घेणार?

सातशे म्हटलं. पाचशेवर ठरलं.