घरबसल्या महायुद्ध लावण्याची कृती

रविवारी मिसळ खायला नाशिकच्या गंगापूर रोडला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर चार निवृत्त काका. नातवाच्या कॅनडाच्या व्हिसावर अर्धा तास बोलून झाल्यावर एकाने तर्रीत पाव बुडवत निकाल दिला, "एकदा होऊनच जाऊ द्या मोठं युद्ध. सोक्षमोक्ष लागेल!" मी म्हटलं, २०२४ ला लांबच्या युद्धापायी तांबड्या समुद्रातला मार्ग धोक्यात आला, तर आमची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेली. त्यावर उत्तर, "तुम्ही द्राक्षांचंच बघा. देशाचं आम्ही बघतो."

तर देशाचं बघणाऱ्यांसाठी ही कृती. १९१४ ची, पहिल्या महायुद्धाची आहे, हमखास जमते.

आधी एखादा जिवलग मित्र धरा आणि त्याला मोकळं सोडा. २८ जूनला साराजेव्होत प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या सर्ब पोराने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली. भांडण ऑस्ट्रिया आणि सर्बियाचं. पण ५ जुलैला जर्मनीच्या कैसरने, म्हणजे सम्राटाने, ऑस्ट्रियाला सांगितलं, करा काय करायचं ते, आम्ही आहोत. आणि स्वारी बोटीतून नॉर्वेला फिरायला गेली. पाठीशी कोणी आहे म्हटलं की गल्लीतलं शेंबडं पोरगंही दगड उचलतं.

मग ४८ तासांची मुदत देऊन न पाळता येणाऱ्या अटी घाला. सर्बियाने बहुतेक सगळ्या मान्य केल्या, पण म्हणून काय वरात परत न्यायची?

माघारीचा विषय निघाला की 'इज्जतीचा प्रश्न' म्हणा.

रेल्वेचं वेळापत्रक आधीच पक्कं करून ठेवा. सर्बियाच्या बाजूने रशिया उतरला होता, पण जर्मनीचा ठरलेला बेत आधी फ्रान्सवर चालून जायचा. १ ऑगस्टला कैसर म्हणाला, सैन्य फक्त रशियाकडे वळवा. सेनापती मोल्टके म्हणाला, आता बदलता येणार नाही. आपल्याकडे गाड्या उशिरा धावतात, ही केवढी शांततेची सेवा! ४ ऑगस्टला जर्मन फ्रान्सच्या वाटेवरच्या बेल्जियममध्ये घुसले, बेल्जियमच्या तटस्थतेचा १८३९ चा करार काढून इंग्लंड उतरलं. आठवडाभरात युरोपातली बहुतेक बडी राष्ट्रं युद्धात.

आणि ज्यांना लढायला पाठवायचं त्यांना मुळीच विचारू नका. हिंदुस्थानला कोणी विचारलं? व्हाइसरॉयने जाहीर केलं, झालं. दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. मराठा पलटणीतली पोरं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावाला पडलेल्या तुर्कांच्या वेढ्यात जवळपास पाच महिने अडकली. धान्य संपलं, घोडे कापून खायची पाळी आली, ते घशाखाली उतरेना. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती, मग तुर्कांची कैद. साराजेव्हो नकाशावर कुठे आहे हे त्यातल्या एकाला तरी ठाऊक असेल का हो? कुठला युवराज, कुठला कैसर, आणि मेलं कोण!

काका, आता कृती-बिती बाजूला ठेवतो. देवळालीला तोफखान्याचं शिक्षण घेणाऱ्या पोरांत तुमच्यातल्या एकाचा तरी नातू आहे का? नाही. तो कॅनडाला चाललाय. मग दुसऱ्याचं पोर कशाला पुढे ढकलता? लाज वाटत नाही? रस्सा कोमट आला म्हणून त्या पोऱ्यावर केवढे ओरडलात, आणि निघालात युद्ध मागायला!