'रीडी रिव्हर'ची गाणी अस्सल की नकली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरचे तुमचे आक्षेप थोडक्यात असे: 'रीडी रिव्हर' या ऑस्ट्रेलियन संगीत नाटकातली गाणी खरी लोकगीतं नाहीत, कथानक पातळ आहे आणि एकूण सगळा डाव्यांचा प्रचार आहे.

कथानक पातळ आहेच. गाणी वाळत घालायला दोरी लागते, तेवढंच त्याचं काम.

गाण्यांबद्दल आधी माझी चूक. लेखात मी सरसकट 'परंपरागत गाणी' असं ठोकून दिलं होतं. डिक डायमंड यांचं हे नाटक मेलबर्नच्या न्यू थिएटरने १९५३ मध्ये रंगमंचावर आणलं. त्यातलं 'बॅलड ऑफ १८९१' हे गाणं हेलन पामर यांनी लिहिलं आणि डोरीन जेकब्ज यांनी चालीवर बसवलं, ते त्याआधी जेमतेम दोनेक वर्षं. शीर्षकगीताचे शब्द जुने ऑस्ट्रेलियन कवी हेन्री लॉसनचे, चाल ख्रिस केम्पस्टरची. इथं तुम्ही बरोबर आहात.

पण मग त्याच नाटकातल्या 'क्लिक गो द शिअर्स'चं काय करायचं? मेंढ्या कातरणाऱ्यांचं हे गाणं वर्षानुवर्षं निनावी मानलं गेलं. चाल मात्र हेन्री क्ले वर्क या अमेरिकन माणसाची, आणि शब्द १८९१ सालच्या व्हिक्टोरियातल्या एका गावाकडच्या वर्तमानपत्रात सापडले, खाली 'सी. सी.' अशी सही! म्हणजे कर्ता होता, लोक त्याला विसरले एवढंच. तुमच्या कसोटीला हेही उतरायचं नाही. आपल्याकडे अण्णाभाऊंची छक्कड ऐकताना कुणी तिची जन्मतारीख विचारतं का?

प्रचाराचं म्हणाल, तर न्यू थिएटर उघडउघड डावंच होतं. क्वीन्सलंडमधला १८९१ चा कातरणाऱ्यांचा संप मोडून काढला गेला, पुढाऱ्यांना तीन-तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. नाटकाची गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. आणि ते लिहिलं जात होतं त्या सुमारास, १९५१ मध्ये, कम्युनिस्ट पक्षावर बंदी आणण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या मेंझीस सरकारने सार्वमत घेतलं होतं (आणि ते हरलं होतं). अशा दिवसांत हरलेल्या संपावर नाटक करणारे तटस्थ कसे असतील?

मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. सिडनीच्या प्रयोगात 'बुशवॅकर्स' हा वाद्यवृंद वाजवायला होता. काठीला बिअरच्या बाटल्यांची झाकणं ठोकून केलेला 'लेगरफोन', आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बास. असली वाद्यं कुणालाही घरी करता येतात, आणि लोकांनी ती केलीही. १९५४ मध्ये सिडनीत अशा ग्रामीण ('बुश') गाण्यांसाठी बुश म्युझिक क्लबही निघाला.

असो. मूळ लेखात 'परंपरागत' खोडून 'जुनी-नवी' केलंय. 'प्रचार नाही' असं मी कुठं म्हटलंच नव्हतं, त्यामुळे तिथं काही खोडलेलं नाही.