व्हीगन आहार महानगरापुरताच मर्यादित आहे, हा दावा का टिकत नाही

गेली काही वर्षे एक दावा थोड्याफार शब्दांच्या फरकाने सर्वत्र फिरतो आहे. तो असा: व्हीगन आहार, म्हणजे मांस, मासे, दूध, अंडी, मध असे कोणतेही प्राणिजन्य पदार्थ नसलेला आहार, ही महानगरातल्या सुखवस्तू लोकांची चैन आहे. मध्यम आकाराच्या शहरात त्यासाठी लागणारे जिन्नस मिळत नाहीत आणि मिळालेच तर परवडत नाहीत. या आहारातून प्रथिने व जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. दूध, लोणी आणि अंडी वगळली की जेवणाला चव राहत नाही. आणि बाहेर जेवायची वेळ आली की कोरड्या सॅलडवर भागवावे लागते. या पाच विधानांपैकी एकात महत्त्वाचे तथ्य आहे आणि ते मी दडवणार नाही. शेवटच्या विधानामागची अडचणही खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उरलेली तीन विधाने मात्र व्हीगन आहार आणि व्हीगन म्हणून विकली जाणारी उत्पादने यांची गल्लत केल्यामुळे निर्माण झालेली आहेत.

जिन्नस मिळत नाहीत, हे पहिले विधान. दावा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोठवलेले कृत्रिम मांस, काजूचे चीज आणि अनेक प्रकारची वनस्पतिजन्य दुधे यांनी भरलेली फडताळे असतात, आणि तशी फडताळे लहान शहरात कमी असतात हे मान्यच आहे. परंतु इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली, तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते, अन्नावर रेशनिंग होते आणि अशी फडताळे दुकानात नव्हती. त्या लोकांनी धान्य, कडधान्ये, भाज्या, फळे आणि सुकामेवा यांवरच आपला आहार उभा केला. हे पदार्थ जिथे वस्ती आहे तिथे मिळतात. मसूर, काबुली चणे, राजमा, तांदूळ, गहू, ओट्स, शेंगदाणे, तीळ, बटाटे, कोबी, टोमॅटो यांसाठी कोणाला महानगर गाठावे लागत नाही. सोया पनीर (टोफू), मिसो ही आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट किंवा वाळवलेले शिताके हे जपानी मशरूम यांसारख्या काही गोष्टी मात्र शोधाव्या लागतात. त्यांपैकी शेवटच्या दोन महिनोन्महिने टिकत असल्याने त्या एकदाच मागवून ठेवता येतात.

परवडत नाही, या दुसऱ्या विधानाचे उत्तर यातच बरेचसे आले. सुकी कडधान्ये हा जवळपास प्रत्येक बाजारात प्रथिनांच्या सर्वांत स्वस्त स्रोतांपैकी एक असतो. महाग असतात त्या मांसाच्या आणि चीजच्या नकला, आणि त्यांतल्या सगळ्या पोषणाच्या दृष्टीने आपली किंमत वसूल करून देतातच असे नाही. बाजारातल्या अनेक व्हीगन चीजच्या वेष्टनामागची यादी वाचली तर खोबरेल तेल आणि स्टार्च हेच मुख्य घटक दिसतात आणि प्रथिनांचा आकडा शून्याच्या आसपास असतो. अशी वस्तू आवडीसाठी क्वचित घ्यावी, रोजच्या खर्चाचा हिशेब तिच्यावरून मांडू नये. खरा खर्च वेळेचा आहे, आणि दावा करणारे नेमके त्याविषयी बोलत नाहीत. कडधान्य रात्री भिजत घालायचे, शिजवायचे, उरलेले गोठवून ठेवायचे, याला शिस्त लागते. प्रेशर कुकर आणि फ्रीज असेल तर आठवड्यातून एकदा मोठ्या प्रमाणात शिजवून हे काम आटोपते. राजम्याबाबत एक सावधगिरी मात्र बाळगलीच पाहिजे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते पूर्ण नष्ट होत नाही. म्हणून राजमा भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावा.

तिसरे विधान पोषणाचे. त्यात तथ्य आहे, पण ते प्रथिनांविषयी नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण शिफारस केलेले प्रमाण आहे, म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसासाठी ५२ ग्रॅम. १०० ग्रॅम सुक्या मसुरातून सुमारे २४ ग्रॅम, २०० ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठातून जवळपास तितकीच आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात, तेव्हा कोणतेही खास उत्पादन न वापरता गरज भागते. वनस्पतिजन्य प्रथिने पचायला किंचित कमी अनुकूल असल्याने थोडे जास्त प्रमाण ठेवणे शहाणपणाचे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी धान्यांत लायसिन कमी आणि कडधान्यांत मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही एकाच जेवणात खाल्लीच पाहिजेत, ही समजूत १९७०च्या दशकात लोकप्रिय झाली होती. दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी पुरते, असे आता मानले जाते. इथे फसगत होते ती दुधाच्या पर्यायात. सोयादुधाच्या एका पेल्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर बाजारातल्या बदामदुधाच्या पेल्यात बहुधा जेमतेम १ ग्रॅम. केवळ पांढरा रंग पाहून एकाच्या जागी दुसरे वापरणाऱ्याची प्रथिने खरोखरच कमी पडू शकतात.

दाव्यातला खरा भाग ब१२ जीवनसत्त्वाचा आहे. हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्मजीव तयार करतात आणि वनस्पतिजन्य अन्नात ते भरवशाच्या प्रमाणात नसते. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक पदार्थात आढळणारे रूप मानवी शरीराच्या फारसे उपयोगाचे नाही, त्यामुळे त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून आहार बदलल्यावर पहिले वर्ष-दोन वर्षे सगळे सुरळीत वाटते आणि अनेक जण गाफील राहतात. भरपूर पालेभाज्या आणि कडधान्ये खाणाऱ्याला फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व मुबलक मिळत असल्याने ब१२च्या अभावाचा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि मज्जातंतूंना होणारी इजा मात्र चालूच राहते. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम आणि युरोपात ४ मायक्रोग्रॅम हे प्रमाण सांगितले जाते. ते गोळीतून किंवा ब१२ मिसळलेल्या पदार्थांतून नियमितपणे घेतलेच पाहिजे, यात सूट नाही. जे व्हीगन प्रचारक ही गोष्ट कुजबुजत सांगतात किंवा सांगतच नाहीत, ते या आहाराचे नुकसान करतात असे माझे स्पष्ट मत आहे. पण ही गोळी साध्या औषधाच्या दुकानात मिळते, तेव्हा शहराच्या आकाराशी तिचा काही संबंध नाही.

कॅल्शियमच्या बाबतीत आकडा पाहून चालत नाही, ते अंगी किती लागते हे पाहावे लागते. पालकात कॅल्शियम भरपूर असले तरी कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झालेटमुळे त्यातले सुमारे ५ टक्केच शोषले जाते. केल किंवा बोक चॉयसारख्या भाज्यांतून हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जाते. कॅल्शियम सल्फेट घालून बनवलेले सोया पनीर आणि कॅल्शियम मिसळलेले सोयादूध हे चांगले स्रोत आहेत, मात्र दुधाचा डबा ओतण्यापूर्वी जोरात हलवावा, कारण मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते. लोहासाठी कडधान्याबरोबर लिंबू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची खावी आणि चहा-कॉफी जेवणाला लागूनच घेऊ नये. आयोडिनसाठी आयोडिनयुक्त मीठ वापरावे. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६च्या भूमिकेत, योग्य नियोजन केलेला व्हीगन आहार आयुष्याच्या सर्व टप्प्यांवर पुरेसा ठरू शकतो, असे म्हटले होते. २०२५ची भूमिका मात्र गर्भवती व स्तनदा माता वगळून इतर प्रौढांपुरतीच मांडलेली आहे. म्हणून गर्भारपणात आणि लहान मुलांसाठी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये.

चौथे विधान चवीचे, आणि ते मला सर्वांत कमकुवत वाटते. लोणी, चीज आणि मांसाचा रस्सा जेवणाला मुख्यतः दोन गोष्टी देतात: स्निग्धपणा आणि उमामी, म्हणजे रश्श्यासारखी भरलेली खमंग चव. यातली दुसरी चव १९०८मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ओळखली ती मांसातून नव्हे, तर कोम्बु या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून. ती ग्लुटामेटची चव आहे, आणि ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, सोया सॉसमध्ये आणि मिसोमध्ये भरपूर असते. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हा चव वाढवणारा घटक असतो. तो ग्लुटामेटबरोबर आला की चव कितीतरी पटींनी गडद होते. म्हणून कोम्बु आणि शिताके रात्रभर गार पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काला हाडांच्या रश्श्याची उणीव भासत नाही.

घरच्या स्वयंपाकात बेचव पदार्थ होतात ते बहुतेक वेळा घाईमुळे. साध्या बटण मशरूमचे पाहा. कापून थेट तेलात टाकले आणि लगेच मीठ घातले, तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडले जातात, करडे आणि रबरासारखे होतात. त्याऐवजी जाड बुडाचा तवा चांगला तापवून, तेल न घालता, गर्दी न करता ते पसरावेत. आधी पाणी सुटते, तव्यावर चर्र आवाज येतो, मग पाणी आटले की आवाज बदलतो आणि कडा तांबूस होऊ लागतात. त्याच वेळी तेल, लसूण आणि शेवटी थोडा सोया सॉस घालावा. या पंधरा मिनिटांत जी चव तयार होते ती लोण्याने येणाऱ्या चवीपेक्षा कमी नाही, वेगळी आहे. स्निग्धपणासाठी काजूच लागतो असेही नाही. भिजवलेल्या सूर्यफुलाच्या बिया किंवा मऊ शिजलेला पांढरा घेवडा तेलाबरोबर बारीक वाटला की सॉसला पुरेसा दाटपणा येतो.

अंड्याची जागा भरून काढणे सर्वांत अवघड मानले जाई. २०१४मध्ये फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी शिजवलेल्या कडधान्याचे पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे फेसाळते हे दाखवले, आणि २०१५मध्ये अमेरिकेतील गूस वोल्ट यांनी काबुली चण्याचे पाणी आणि साखर यांवर मेरिंग (फेसाळ गोड पदार्थ) जमवून त्या पाण्याला ॲक्वाफाबा हे नाव दिले. साधारण तीन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या जागी चालते. घरी शिजवलेल्या चण्याचे पाणी पातळ असेल तर ते आटवून घ्यावे. गार झाल्यावर ते सैलसर जेलीसारखे व्हायला हवे, तरच फेस धरतो.

आता पाचवे विधान, बाहेर जेवण्याचे. इथे अडचण खरी आहे, पण ती पदार्थांच्या अभावाची नसून लपलेल्या घटकांची आहे. भाज्यांचे सूप कोंबडीच्या रश्श्यात केलेले असते. रिसोत्तो हा इटालियन भात उतरवताना त्यात लोणी आणि पार्मेजान चीज घोटतात. थाई करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. मिसो सूपच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्श्यात, सुकवलेला बोनितो मासा असतो. किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीत, बहुधा फिश सॉस असतो. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. मेक्सिकन पद्धतीचा घोटलेला घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो. आणि ब्रेडला चकाकी येण्यासाठी अंडे किंवा दूध फासलेले असते. म्हणूनच “हे व्हीगन आहे का?” हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. वाढप्याला तो शब्द माहीत असेलच असे नाही आणि माहीत असला तरी मांस नाही म्हणजे झाले, असे त्याला वाटू शकते. त्याऐवजी रस्सा कशाचा आहे, कोणत्या तेला-तुपात परतले आहे, वरून काय घालता, तळण्याची कढई वेगळी आहे का, असे नेमके प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे स्वयंपाकघरातून मिळतात.

काय मागवावे हेही ठाऊक असले पाहिजे. नेपल्सच्या पद्धतीच्या मारिनारा पिझ्झात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते, चीज मुळात नसतेच. वाळवलेला पास्ता बहुधा रवा आणि पाण्याचा असतो, ताज्या पास्त्यात मात्र अंडे असण्याची शक्यता मोठी. हमस (चण्याची चटणी) आणि फलाफल (चण्याचे तळलेले गोळे) लेव्हंटमधल्या, म्हणजे पूर्व भूमध्य प्रदेशातल्या, पाककृतीत जन्मतःच व्हीगन आहेत. त्यांच्यासोबत दह्याचा सॉस येतो का, एवढे विचारावे. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात मांस, दूध व अंडी वर्ज्य करतात, त्यामुळे तिथल्या हॉटेलात उपवासाचे पदार्थ मागितले की तेलात केलेल्या मसूर-भाज्यांचे भरगच्च ताट मिळते. एरवी त्याच भाज्या मसालेदार तुपात केल्या जातात, म्हणून उपवासाचे हा शब्द उच्चारणे महत्त्वाचे. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहे अनेक शहरांत आहेत, मात्र तिथल्या नकली मांसात कधीकधी अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधाचे प्रथिन असते. तैवानमध्ये तर शाकाहारी वेष्टित पदार्थांवर शुद्ध, अंडेयुक्त, दूधयुक्त असे प्रकार वेगळे छापणे बंधनकारक आहे.

युरोपीय संघात डिसेंबर २०१४पासून हॉटेलांनाही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर (कोळंबी, खेकडे) आणि मृदुकाय प्राणी (शिंपले) येत असल्याने अर्ध्याहून अधिक प्रश्न त्या तक्त्यावरूनच सुटतात. परंतु मांसाचा रस्सा, चरबी, जिलेटिन आणि मध त्या यादीत नाहीत. ते विचारावेच लागतात. उलट “दुधाचे अंश असू शकतात” ही सूचना एकाच यंत्रावर दोन पदार्थ बनल्यामुळे दिलेली असते. ॲलर्जी असलेल्याने ती काटेकोरपणे पाळावी, तत्त्व म्हणून दूध टाळणाऱ्याने तिच्यामुळे पदार्थ नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

मध्यम शहरातली हॉटेले संख्येने कमी असतात हे खरे, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मालक स्वतः गल्ल्यावर किंवा चुलीपाशी असतो आणि पदार्थ मागणीनुसार बनतो. साखळी हॉटेलात सॉस कारखान्यातून तयार होऊन येतो, तिथे घटकांची यादी मिळते पण बदल करता येत नाही. मालकाच्या हॉटेलात यादी मिळत नाही पण बदल होतो. त्यासाठी शनिवारी रात्री गर्दीत उभे राहून चौकशी करू नये. दुपारचे जेवण आटोपल्यानंतरच्या निवांत वेळी फोन करावा, आपण काय खात नाही आणि काय खातो हे दोन वाक्यांत सांगावे, आणि त्यांच्याच यादीतला एक पदार्थ सुचवून तो लोण्याऐवजी तेलात आणि चीजशिवाय होईल का, एवढेच विचारावे. आपल्या मनाने नवा पदार्थ करून मागितला तर नकार येतो. चालू पदार्थातला एक घटक वगळायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. चीज वगळलेल्या ताटात पोटभरीचे काही उरत नसेल, तर त्या जागी चणे किंवा घेवडा घाला असे सांगावे आणि त्याचे जादा पैसे द्यायची तयारी ठेवावी.