फोटो उद्या टाकते

शनिवारी संध्याकाळी फडके रोडवर पाऊस नुसता येतो-येतो म्हणत होता. बंड्याने टपरीवरची निळी ताडपत्री आधीच पुढे ओढली होती, त्यामुळे आम्ही सगळे त्या निळसर उजेडात अंग चोरून बसलो होतो. विषय मीच काढला.

"त्या बाईंचा ब्लॉग अजून तसाच आहे. काल रात्री उघडला."

कुठल्या बाई, हे कुणी विचारलं नाही. कट्ट्याला माहीत आहे. २००८ ते २०१२, गुहागरकडचं घर, विहिरीचा रहाट, सासूबाईंच्या हातची सांदणं. मे महिन्यातली शेवटची नोंद: ताटांना तूप लावून आंब्याचा रस ओतलाय, अंगणात उन्हात ठेवलाय, आंबापोळी होईल. आणि शेवटची ओळ, "फोटो उद्या टाकते." त्यानंतर काही नाही.

"बेजबाबदारपणा!" नानांनी तर्जनी वर केली. नानांची तर्जनी वर गेली की बंड्या गॅस बारीक करतो, कारण पुढचा चहा वीस मिनिटं कुणी मागत नाही. "मुद्दा क्रमांक एक. आमच्या बँकेची शाखा हलवायची असली, तर तीन महिने आधी दारावर नोटीस लागायची. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत."

"नाना, बँकेत लोकांचे पैसे असतात," वैजू म्हणाली. "त्या बाईंकडे तुमची कुठली ठेव होती?"

"विश्वासाची!"

"व्याज मिळत होतं ना चार वर्षं? फुकट?"

शिऱ्याने वैजूला टाळी दिली. मी नाही दिली, कारण या बाबतीत मी नानांच्या बाजूचा होतो. निदान तेव्हा तरी होतो. माझी आई त्याच भागातली. ती गेल्यावर पडवी, पन्हळ, मागीलदार, ओणवं हे शब्द घरात कुणी बोलेनासं झालं. बायको नागपूरची, मुलं डोंबिवलीची. शेवटच्या लोकलने घरी यायचं, जेवायचं आणि त्या बाईंनी आज काय लिहिलंय ते बघायचं. आईच्या माहेरचं कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. नीट न बोलता आवाज बंद झाला, तर माणसाने काय समजायचं?

हे मी तसंच बोलून दाखवलं. क्षणभर सगळे गप्प बसले. मग नानांनी माझ्या दुःखाचा मुद्दा क्रमांक दोन करून टाकला.

"बघा! वाचक पोरका झाला! अरे, तुकोबासुद्धा सांगून गेले. 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमुचा रामराम घ्यावा.' एवढा मोठा माणूस, त्यालाही गरज वाटली."

"त्यांना विमान ठरलेलं होतं," शिऱ्या म्हणाला. "बाकीच्यांना आपली गाडी कधी सुटणार ते कळत नाही."

"तू बोलूच नकोस!" नाना गरकन वळले. "तू मला अजून खुनी सांगितलेला नाहीस!"

झालं. हे दर दोन महिन्यांनी होतं. १९९७ साली मंडळाचं हस्तलिखित निघायचं, सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर लागायचं. त्यात शिऱ्याची रहस्यकथा क्रमशः होती. माळ्यावर प्रेत, दार आतून बंद, तीन संशयित. चार भाग आले, पाचव्याच्या जागी भोंडल्याचं निमंत्रण लागलं. नानांनी तेव्हा तीन रविवार फळ्यापाशी खेपा घातल्या होत्या.

"खुनी कोण होता, शिरीष?"

"नाना, खरं सांगू? मलाच माहीत नव्हतं. म्हणून तर थांबलो."

बंड्यासकट सगळे हसले. नाना नाही हसले. त्यांचा संशय भाचीवर होता आणि तो त्यांनी आजवर जपून ठेवलाय.

"पण हे बघ, यात एक मुद्दा आहे," वैजू म्हणाली. "थांबायचं कुणी ठरवत नाही. उद्या लिहू म्हणतो. निरोपाचं लिहायचं तर आजचं लिहिणं शेवटचं आहे, हे आधी कळायला लागतं. त्या बाईंना कुठे माहीत होतं? त्या बिचाऱ्या उद्या फोटो टाकणार होत्या."

"मग महिन्याने कळलं असेल. वर्षाने कळलं असेल. तेव्हा लिहायचं," मी म्हटलं.

"लिहिलंयस कधी?"

"मी कुठे ब्लॉग लिहिला?"

"मी लिहिलाय."

हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही विसरलो होतो. २००७ ते २०११ वैजू लिहायची. बरहा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करायचं, तिथून उचलून ब्लॉगवर चिकटवायचं, आणि इतकं करून निम्म्या ऑफिसांतल्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. लोकलच्या बायकांच्या डब्यावर तिने जे लिहिलंय, तसं मी नंतर कुठे वाचलं नाही. मैत्रीण म्हणून हे लिहीत नाही.

"पोरगी झाली. सहा महिने झोप नाही. मग एका रात्री बसले लिहायला, तर वाटलं, आधी सहा महिने कुठे होते ते सांगायला हवं. ते सांगायचा कंटाळा आला, म्हणून त्या दिवशी लिहिलं नाही. वर्ष झालं. आता वर्षाचं कारण द्यायला हवं. वाण्याकडे उधारी थकली की माणूस त्या गल्लीतूनच जाईनासा होतो, तसं झालं. पैसे नसतात असं नाही. लाज वाढत जाते."

मला यावर काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पक्या इतका वेळ मोबाइलमध्ये होता. तो आयटीवाला, बोलतो कमी. "बहुतेक बंद पडलेल्या ब्लॉगवर शेवटचं काय असतं माहितीये? 'बरेच दिवस लिहिणं झालं नाही, क्षमस्व, आता नियमित लिहिणार.' तारीख दहा वर्षांपूर्वीची. आणि स्वतःचा पत्ता विकत घेतलेला असेल तर तेवढंही उरत नाही. पैसे भरले नाहीत की पत्ता दुसरा कुणी घेतो. मी एक सह्याद्रीतल्या घाटवाटांचा ब्लॉग वाचायचो, पाण्याच्या टाक्यांसकट नकाशे असायचे. परवा उघडला तर रमी खेळा म्हणतोय."

"यंत्रसुद्धा नोटीस देतं!" नानांना आधार सापडला. "ते तुमचं ब्लॉग वाचायचं गूगल रीडर! १ जुलै २०१३ ला बंद केलं, पण मार्चमध्येच सांगितलं होतं की नाही? साडेतीन महिने!"

"नाना, त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत," वैजू म्हणाली. "त्या बाईंकडे सासूबाई होत्या."

नाना थांबणारे नव्हते. त्यांनी लंडनचा सॅम्युअल पीप्स काढला. पीप्स त्यांच्याकडून आम्ही सगळ्यांनी ऐकलाय. १६६० पासून लघुलिपीत रोजनिशी, लंडनची आग, प्लेग, बायकोशी भांडणं. आणि ३१ मे १६६९ ला शेवटची नोंद: डोळे जाताहेत, आता स्वतःच्या हाताने हे लिहिणं थांबवतो. "कुणी वाचणारसुद्धा नव्हतं! तरी सांगून थांबला. याला म्हणतात शिस्त!"

"आणि डोळे गेले का?"

नानांनी चष्मा काढून पुसला.

"नाही गेले," वैजूच म्हणाली. "तुम्हीच मागे सांगितलंत. पुढे ३४ वर्षं जगला. परत एक रोजनिशीसुद्धा लिहिली टँजिअरला गेल्यावर. म्हणजे ज्याने निरोप घेतला त्याचाच निरोप खोटा ठरला. त्यापेक्षा 'फोटो उद्या टाकते' बरं. अजून खोटं ठरलेलं नाही ते."

पक्याने मोबाइल खाली ठेवला. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"आपल्यात निघताना काय म्हणतात?" ती म्हणाली. "'जातो' म्हटलेलं चालतं? माझी आजी तोंडावर हात ठेवायची. 'येतो' म्हण म्हणायची. अरे, आपल्याकडे निरोपाला शब्दच परतीचा आहे. मग ब्लॉगवर कुणी 'जातो' कशाला लिहील?"

"पण 'येतो' तरी म्हणतात ना," मी म्हटलं. "दारात उभं राहून म्हणतात. मला निरोप नकोच आहे, वैजू. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली गेले, वय ३१. त्यांची मासिक निबंधमाला थांबली. वाचणाऱ्यांना वाईट वाटलं असेल, पण का थांबली ते ठाऊक होतं. इथे मला काही कळत नाही. घर विकलं? मुंबईला आल्या? सासूबाई गेल्या, म्हणून त्या स्वयंपाकघराबद्दल लिहवत नाही? का त्याच... रागवायचं म्हटलं तरी कुणावर? बऱ्या आहेत, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तर मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही."

शिऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो असं करत नाही.

"यावर सोय आहे," पक्या म्हणाला. "गूगलच्या खात्यात सांगून ठेवता येतं. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं वापरलं नाही की तुम्ही निवडलेल्या जास्तीत जास्त दहा माणसांना मेल जाते."

"दहा?" बंड्या पहिल्यांदा बोलला. "नाना, तुम्ही दहा कुठनं आणणार?"

"का? तुम्ही पाच आहातच!"

"माझं नाव नका घालू," शिऱ्या म्हणाला. "तुमची मेल आली की उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर स्मरणपत्र येतं. तिथूनही येईल."

नाना रुसले. त्यांना खरंच लागलं असावं, कारण ते मुद्दा क्रमांक न सांगता नुसते ग्लासात बघत बसले. वैजूने त्यांच्यापुढे तिचं खारी बिस्कीट सरकवलं आणि माझ्याकडे वळली.

"एक विचारू? चार वर्षं वाचलंस. आईचे शब्द मिळाले म्हणतोस. त्या बाईंना कधी कळवलंस?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही. वाटायचं, वाचतोय तर खरा. त्यांना काय कळवायचं?"

"मग त्यांनाही वाटलं असेल, लिहितेय तर खरी. थांबले तर कुणाला काय कळवायचं?"

हे तिने दुखवायला म्हटलं नव्हतं. पण रात्री झोप लागेपर्यंत तेच ऐकू येत होतं. आपण वाचणारे समजतो की पलीकडचा माणूस भरल्या सभागृहात बोलतोय. त्याला मात्र समोर काळोख दिसत असतो.

"मी कळवलं होतं," नाना ग्लासातून वर न बघता म्हणाले.

"काय?"

"त्या बाईंना. सविस्तर मेल पाठवली होती. तुम्ही सगळे नुसते वाचता, मी प्रतिसाद देतो."

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं मी या माणसाला हसत होतो, आणि आमच्यातल्या एकट्याने तिला लिहिलं होतं. "काय लिहिलं होतंत, नाना?"

"लेखन चांगलं आहे, असं पहिल्याच वाक्यात म्हटलं. मग ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून दिल्या. एकूण ४३. त्या 'आणि' मधला णि दीर्घ लिहायच्या. प्रत्येक वेळी! तक्ता करून पाठवला."

वैजूने हळूच विचारलं, "कधी, नाना?"

"एप्रिल... एप्रिल २०१२."

ताडपत्रीवर पहिला थेंब टपकन वाजला. एवढी शांतता होती.

"खुनी सापडला!" शिऱ्या ओरडला.

बंड्या काउंटरवर पालथा पडून हसत होता. पक्याचा चहा नाकातून आला. नाना "अहो, मे महिन्यात त्यांनी लिहिलंय ना, लिहिलंय की नाही, मग माझा काय संबंध" असं तारखा देऊन सांगत होते आणि प्रत्येक तारखेला हसू वाढत होतं. वैजू डोळे पुसत म्हणाली, "नाना, त्या शेवटच्या नोंदीत 'आणि' बरोबर लिहिलाय का ते बघा हो!" पक्याने खरंच उघडून बघितलं. बरोबर होता. तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी पहिली वेलांटी. यावर आम्हाला उभं राहवेना.

आणि मग तो आला. एकदम, आडवातिडवा. ताडपत्रीची एक दोरी सुटली, पाण्याचा लोट बाकावर. पक्या बॅग डोक्यावर धरून स्टेशनकडे पळाला, शिऱ्या रिक्षात घुसला, मी समोरच्या दुकानाच्या शटरखाली. नाना एकटेच टपरीच्या आत, बंड्याच्या बाजूला, दोन्ही हात वर करून.

"अरे, निदान 'येतो' तरी म्हणा!"

वैजू देवळाच्या वळणापाशी पोहोचली होती. ओढणी डोक्यावर धरून ती मागे वळली आणि भर पावसात ओरडली,

"नाना, फोटो उद्या टाकते!"